कावीळ आहे, असं मीच सांगितलं

महापालिकेच्या आरोग्य खात्यात मी तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी वर्षं लोकांना दोन विषयांवर शहाणपण शिकवण्यात गेली: दारू आणि कावीळ. अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, रविवारी विहारात वंदना झाली की तिथंच सतरंजीवर, जिथं चार बाया बसतील तिथं मी माझे चित्रांचे तक्ते उघडायचे. एका तक्त्यावर निरोगी यकृत, शेजारी दारूनं खाल्लेलं. मग घाण पाण्यानं होणारी कावीळ वेगळी, रक्तातून होणारी वेगळी, पिणाऱ्याची वेगळी, असं समजावून सांगायचे. माझा आवाज खणखणीत. माईक लागायचा नाही.

काविळीच्या माळेवर तर माझा एक खास प्रयोग होता. आमच्याकडं कावीळ झाली की कुठल्यातरी गावच्या म्हाताऱ्याकडून झाडाच्या काड्यांची माळ आणतात. ती डोक्यावर ठेवायची. ती दिवसेंदिवस लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, आणि माळ पायाशी पोचली की कावीळ उतरली म्हणायची. मी अशीच एक माळ आणून अंगणवाडीच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे. पुढच्या आठवड्यात बाया यायच्या तर ती वीतभर लांब झालेली असायची. मी विचारायचे, काय गं, भिंतीची कावीळ उतरली का? बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मी सांगायचे की काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. कावीळ उतरत नाही, दोरा उतरतो. या वाक्याचा मला फार अभिमान होता.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई कामावर जायची, तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा. शाळेत मी कमी आणि त्याचं नाक पुसण्यात जास्त असायचे. मोठा झाला, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात लागला, लग्न झालं. माझा नवरा गेला तेव्हा जुळे सोलापुरातल्या माझ्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी त्याला आणि भावजयीला राहायला बोलावलं. वर मी, खाली ते. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

तो पितो, हे शब्द मनातल्या मनात म्हणायलाही मला तीन वर्षं लागली. आधी शनिवारचा शनिवार. मग पगाराच्या दिवशी. मग कारण लागेना. यातली प्रत्येक पायरी माझ्या तक्त्यावर रंगीत छापलेली होती, आणि मी काय करायचे, तर तो गेटातून आत आला की रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायचे.

का, तेही सांगते, सारवासारव म्हणून नव्हे. आमची गल्ली शिक्षकांची, बँकेतल्या लोकांची. त्यात बौद्धांचं घर आमचं एकट्याचं. कुणी कधी वाईट वागलं नाही. पण एकदा ऑफिसात डबा खाताना एका वस्तीतल्या दारूबळीचा विषय निघाला आणि शेजारची बाई लोणचं वाढता वाढता म्हणाली, ‘त्यांच्यात चालतंच की.’ मग माझ्याकडं लक्ष गेलं तशी घाईनं म्हणाली की तुमचं सोडा मॅडम, तुम्ही वेगळ्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या ‘वेगळ्या’ शब्दानं मला बरं वाटलं, आणि तो शब्द मी पुढं कितीतरी वर्षं जपून वापरला. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मग एका उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. मी त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडं नेलं, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सरळ सांगितलं की यकृत सुजलंय, दारूनं, आता एक थेंबसुद्धा घेतला तर जिवावर बेतेल. मी फाईल पिशवीत तळाशी घातली. घरी येऊन रिक्षातून उतरते तोच शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून विचारलं, काय झालं हो भावाला? माझ्या तोंडून सहज निघून गेलं, पाण्याची कावीळ.

सोलापुरात हे कुणालाही पटतं. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, पिंपात भरून ठेवायचं, त्यात काय काय होत असेल. पण खोटं एकदा सुटलं की ते आपल्या हातात राहत नाही. आठ दिवसांत सगळी गल्ली पाणी उकळून प्यायला लागली. मला, आरोग्य खात्यातल्या बाईला, घरोघरी क्लोरीनच्या बाटल्या वाटाव्या लागल्या. मी त्या वाटल्या आणि किती थेंब टाकायचे तेही न चुकता समजावलं. कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याकडं कुणी फिरकेना. बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं की हे त्याच्याच पाण्यामुळं झालं. दोन आठवडे तो भरलेली गाडी तशीच परत नेत होता, मग यायचाच बंद झाला. माझ्या भावानं त्याच्याकडं कधी एक पुरी खाल्ली नव्हती.

माळेचा विषय भावजयीनं काढला. तिच्या माहेरी सगळे घालतात. ती घाबरत घाबरत बोलली, कारण माझा भिंतीवरचा प्रयोग तिनं पाहिला होता. मी तिला झापणार होते. पण मग माझ्या डोक्यात आलं की माळ लोकांना दिसते. डोक्यावर माळ म्हणजे कावीळ, आणखी काही नाही. डॉक्टरच्या कागदावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, माळेवर सगळे ठेवतात.

त्या रविवारी मी स्वतः त्याला अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात घेऊन गेले. तिथला म्हातारा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत माळ बांधत होता. मी तोंडावरून ओढणी घेतली होती, कुणी ओळखू नये म्हणून. परत आल्यावर भाऊ माळ घालून व्हरांड्यात बसायला लागला. येणारे जाणारे विचारायचे, कुठवर आली? तो सांगायचा, खांद्यावर आली. भावाला हसू यायचं. माझ्याकडं बघून म्हणायचा, ‘आक्का, ही भित्तीवर टांगायची की माझ्या गळ्यात?’ मी त्याला गप्प बस म्हणायचे.

महिनाभर त्यानं दारूला हात लावला नाही. डोळे पांढरे झाले, भूक लागायला लागली, तो कामावर जाऊ लागला. माळ छातीपर्यंत आली होती. गल्लीत माळेचा जयजयकार झाला आणि मी मान डोलवत उभी राहिले.

पुढचं एका शनिवारचं. संध्याकाळी पाळी सुटल्यावर कारखान्यातल्या सोबत्यांपैकी कुणीतरी प्लॅस्टिकच्या कॅनमधून स्वस्तातला माल आणला होता. तिघं प्याले. भाऊ घरी आला, थोडं जेवला, झोपला. मला वास आला. मी खिडक्या लावल्या.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला भावजय जिना चढून वर आली. म्हणाली, पहाटेपासून उलट्या होतायत, पोटात कळा येतायत. मी खाली गेले. तो पलंगाच्या कडेला बसून हातानं हवेत काहीतरी चाचपत होता. ‘आक्का, समदं पांढरं दिसतंय,’ तो म्हणाला. ‘भित्त कुटं हाय?’

मी ओळखलं. हे मला इथं स्पष्ट लिहायचंय, कारण नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःलाच सांगत होते की तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. दारूच्या नावाखाली स्पिरिट मिसळलेला माल पोटात गेला की पहिले काही तास नेहमीच्या नशेसारखेच जातात, आणि खरा विषार दुसऱ्या दिवशी चढतो. उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढं पांढरं. हे मी स्वतः शेकडो बायांना सांगितलं होतं. यात वेळ गेला की डोळे जातात, मग जीव जातो, हेही.

आणि मी काय केलं, तर त्याला आंघोळ घातली. सिव्हिल असो की खाजगी, कुठल्याही दवाखान्यात मला ओळखणारं कुणीतरी भेटणारच होतं. भावजयीला म्हटलं, दवाखान्यात जायचं तर स्वच्छ जावं. आम्ही दोघींनी त्याला नळाखाली बसवलं, दात घासले, धुतलेला शर्ट घातला, तोंडात बडीशेप कोंबली. तो बिचारा चावत होता. मग मी त्याची माळ शर्टाच्या आतून बाहेर काढली आणि छातीवर नीट दिसेल अशी ठेवली. भावजयीला सांगितलं की शेजाऱ्यांनी विचारलं तर कावीळ उलटली म्हणायचं. ती मान हलवून रिक्षा आणायला गेली. यात पाऊण तास गेला असेल.

सिव्हिलच्या अपघात विभागात एकाच नातेवाइकाला आत सोडत होते. भावजय बाहेर बाकावर बसली, मी आत गेले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं त्याची नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, माळेकडं पाहिलं आणि मला विचारलं, दारू घेतात का? काल काही घेतली होती?

मी म्हणाले, ‘नाही. कावीळ झालीय, महिना झाला.’ तिचा चेहरा पुरता पटल्यासारखा दिसेना, म्हणून मी पर्समधून ओळखपत्र काढलं. मी आरोग्य खात्यात आहे, दारूबंदीवर मीच बोलते, असंही सांगितलं. ती ओशाळली. ‘सॉरी मॅडम,’ म्हणाली, ‘विचारावं लागतं.’

ते सॉरी आजही माझ्या अंगावर येतं. त्या पोरीनं माझी माफी मागितली होती.

कावीळ म्हटल्यावर तिनं काविळीचे उपचार सुरू केले. यकृताच्या तपासण्या पाठवल्या, सलाईन लावलं. भाऊ डोळे मिटून पडला होता. मला वाटलं ग्लानीत आहे. त्याचा श्वास धावून आल्यासारखा चालला होता, आणि तेवढ्यावरून तिला चैन पडत नव्हतं. एक वाजता ती परत आली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, मॅडम, नक्की ना? मी नक्की म्हणाले. तेव्हाही बोलता आलं असतं. पण एकदा ओळखपत्र दाखवल्यावर माघार कशी घ्यायची, हाच विचार माझ्या डोक्यात होता. भावाचे डोळे दुसऱ्या नंबरवर होते.

चारच्या सुमाराला कारखान्याच्या गाडीतून दोघांना आणलं. दोघांनाही तेच, उलट्या, धाप, दिसत नाही. त्यांच्यासोबत आलेला माणूस मोठमोठ्यानं सांगत होता की काल तिघं जण एकाच कॅनमधली प्याले. मग त्याची नजर पलंगावर गेली. ‘ह्यो बी हुता की त्यांच्यात,’ तो म्हणाला.

डॉक्टर मुलीनं माझ्याकडं पाहिलं. लगेच मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि मग जे अकराला व्हायला हवं होतं ते चारला सुरू झालं. विषारावरचं औषध, रक्त शुद्ध करायचं मशीन, सगळी पळापळ. आणलेल्या दोघांतला एक दुसऱ्या दिवशी गेला. माझा भाऊ वाचला. डोळे वाचले नाहीत. त्याला आता ऊन आणि सावली एवढंच कळतं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं की पाच तास आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, फरक पडला असता कदाचित, नक्की सांगता येत नाही. त्या ‘सांगता येत नाही’ला मी दीड वर्ष घट्ट धरून बसले.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेलीच राहिली. दारू प्याला हे गल्लीला कळलं, पण त्याचा दोष कारखान्यातल्या संगतीवर गेला. उशीर झाला हेही कळलं, आणि त्याचा दोष त्या डॉक्टर मुलीवर गेला. भावजय येईल त्याला सांगायची की कालची पोरगी बसवलीय तिथं, दुपारभर नुसतं सलाईन लावून ठेवलं, माणूस आंधळा केला. तिच्या माहेरचे लोक तक्रार करायची म्हणून माझ्याकडं कागद लिहून घ्यायला आले. मी म्हणाले, जाऊ द्या, कुणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? त्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी चहा टाकला.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज बारीक व्हायचा. खोटं बोलणार नाही, हे चौथं. दारू पिणार नाही, हे पाचवं. पाचवं त्यानं मोडलं, चौथं मी. त्याचं मोडलेलं सगळ्या गावाला दिसलं. निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही महिन्यांत मी दारूचा तक्ता उघडलाच नाही, फक्त पाणी उकळा आणि हात धुवा यावरच बोलले. ऑफिसातल्यांना वाटलं, घरात एवढं झालंय, बाईला सहन होत नसेल.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी भाऊ व्हरांड्यात शेंगा फोडत बसला होता. भावजय आता शेंगाचटणी करून विकते, आणि शेंगा फोडायला डोळे लागत नाहीत. एक गिऱ्हाईक बाई चटणी घेऊन नुकतीच गेली होती, आणि तिलाही भावजयीनं त्या डॉक्टर मुलीची सगळी कथा ऐकवली होती, शिव्यांसकट. मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. भावजय आत गेली तशी मी भावाजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. आंघोळ, बडीशेप, ओळखपत्र, दोन वेळा विचारलेलं, दोन वेळा नाही म्हटलेलं. मी रडले नाही. रडले असते तर त्यानं माझी समजूत काढली असती, आणि ते मला नको होतं.

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, ‘मला ठावं हाय.’

मी विचारलं, कसं?

‘मी जागाच हुतो की. तू औषधाची चिठ्ठी घेऊन भाईर गेलीस तवा त्या पोरीनं कानाशी येऊन मलाबी इचारलं. म्हनली, भाऊ, काल घेतली हुती का, मला सांगा, मी कुनाला सांगत न्हाय.’

‘मग?’

‘मी बी न्हाय म्हनलो.’ त्यानं हातातली शेंग चाचपली, कुजकी होती, बाजूला टाकली. ‘तू कार्ड दावलंवतंस. आता मी व्हय म्हनलं तर तुजं त्वांड कसं ऱ्हायचं? माझी इज्जत काय, कवाच गेली. तुजी तरी ऱ्हाऊ दे म्हनलं.’

दीड वर्ष मला वाटत होतं की मी त्याच्यापासून काहीतरी लपवतेय. त्यानं तर ते पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी उचलून धरलं होतं. त्याला कडेवर घेऊन फिरलेली मी, आणि मला सांभाळायला त्यानं डोळे दिले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. डोळे नसलेल्या माणसापुढंसुद्धा मला मान वर करता येईना.

मग तो म्हणाला, आता हिला सांग. रोज त्या पोरीला शिव्या घालतीय, मला ऐकवत न्हाय. त्यानंच आत हाक मारली. भावजय तिखटाचे हात पदराला न लागू देता दारात येऊन उभी राहिली. माईकशिवाय सभा गाजवणाऱ्या माझ्या तोंडातून आवाज फुटेना. तो म्हणाला, सांग. मी सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करील, तिखटाच्या हातानं माझं तोंड फोडील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, ‘मला सांगून काय उपेग? मी दीड वरीस त्या लेकराला तळतळाट दिला. तिला जाऊन सांगा.’ आणि ती आत गेली.

मी भावाला म्हणाले, उद्या सकाळीच दवाखान्यात जाते. ती मुलगी अजून तिथं असेल तर तिथं, नाहीतर कुठं गेली ते शोधून काढीन.

त्यानं फोडलेले दाणे परातीत ओतले, मांडीवरची टरफलं झटकली. ‘मी बी येतो,’ तो म्हणाला. ‘मी बी खोटं बोललोय की तिच्याशी. पन आक्का, तुला मला धरून न्यावं लागंल.’

मी बरं म्हणाले.